नागोराव बोटं मोजतात

नागोराव नरवाडे यांनी वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षापर्यंत एकही तान्हं लेकरू हातात घेतलं नव्हतं. आणि हे ते अशा थाटात सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं, माणूस निर्व्यसनी आहे. टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून त्यांची सगळी नोकरी हैदराबादच्या खांबांवर गेली. मुलगा अनिरुद्ध जन्मला तेव्हा ते आबिड्सच्या खांबावर होते, त्याला पहिला दात आला तेव्हा काचीगुड्याच्या. "पोरगं दाढी करायला लागलं तेव्हा हे खाली उतरले," असं त्यांची बायको पार्वतीबाई आल्यागेल्याला सांगायची. त्यात अतिशयोक्ती असलीच तर दोनतीन वर्षांची.

मग सून रोशनीला मुलगी झाली. सिझेरियन करावं लागलं. नर्सनं दुपट्यात गुंडाळलेलं बाळ आणून दाखवलं, तेव्हा नागोराव हात पाठीमागे बांधून बघत राहिले, नुमाइशीच्या प्रदर्शनात काचेमागची वस्तू बघावी तसे. नाक पार्वतीचं होतं, ही गोष्ट त्यांना तेवढी आवडली नाही. बाकी सगळं ठीक होतं. नंतर नर्सनं दुपटं सोडलं. बाळाची दोन्ही पावलं आत वळलेली होती, तळवे एकमेकांकडे तोंड करून, जशा दोन शेजारणी कुजबुजायला बसल्यात.

हाडांच्या डॉक्टर माधवी यांनी कागदावर चित्र काढून सगळं समजावलं. यात कुणाची चूक नाही, हजारातल्या एखाद्या बाळाला असं असतं. हाडं अजून कोवळी आहेत. दर मंगळवारी पाय जरा जरा वळवायचा आणि मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर घालायचं. अशी पाचसहा प्लास्टरं, टाचेच्या शिरेला एक लहानसा छेद, आणि मग काही वर्षं बूट. "चालेल, पळेल आणि तुम्हाला लाथाही मारेल," असं म्हणून त्या दुसऱ्या बाळाकडे वळल्या.

कुणाची चूक नाही म्हटल्यावर नातेवाईक कामाला लागले. चूक कुणाची ते त्यांनी आठवड्याभरात शोधून काढलं. एकीच्या मते रोशनीनं सातव्या महिन्यापर्यंत स्कूटी चालवली. दुसरीच्या मते पाय दुमडून बसली. पार्वतीबाईंचे थोरले भाऊ भगवंतराव यांची गोष्ट निराळी होती. चिक्कडपल्लीत राहणारे हे निवृत्त मुख्याध्यापक समाजाच्या मंडळाचे अध्यक्ष होते, आणि वीस वर्षं दर जयंतीला माइकवरून अंधश्रद्धेचे वाभाडे काढत आले होते. त्यांनी फोन केला, आवाज एकदम खाली आणला आणि विचारलं, "दाजी, सूनबाई ग्रहणात बाहेर गेल्त्या का?"

"गेल्ती की," नागोराव म्हणाले. "बँकेत, ड्यूटीवर. ग्रहण तिच्या आधी टोकन घेऊन बसलं होतं."

भगवंतरावांनी फोन ठेवला. तो त्यांनी तीन आठवडे उचलला नाही.

बाळाला दहाव्या दिवशी पहिलं प्लास्टर पडलं. बाराव्या दिवशी रोशनीच्या टाक्यांत पू झाला आणि डॉक्टरांनी तिला वजन उचलायची मनाई केली. आणि पंधराव्या दिवशी पार्वतीबाई बाजारात कोथिंबिरीच्या देठांवरून घसरून उजव्या मनगटावर पडल्या. त्यांनाही प्लास्टर. अनिरुद्धची सगळी सुट्टी दवाखान्यात संपली होती. तो सकाळी आठला गच्चीबावलीच्या बसमध्ये चढायचा आणि संध्याकाळी साडेसातला उतरायचा. बरकतपुऱ्याच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दिवसभर धडधाकट हातांची एकच जोडी उरली. ती नागोरावांची.

"मला हे जमायचं नाही," त्यांनी आधीच सांगून टाकलं.

"साठ फुटी खांबावर चढायचं जमत होतं," पार्वतीबाई म्हणाल्या.

"खांब हलत नव्हता."

त्यांना शिकवलं ते वाजिदभाईनं. हा दवाखान्यातला प्लास्टर घालणारा. पन्नाशीचा, मेंदी लावलेली दाढी, बोटांच्या पेरांत कायमचा पांढरा चुना. दुसऱ्या मंगळवारी नागोरावांनी बाळाला काखेत धरून आत आणलेलं बघून त्यानं हातातली पट्टी खाली ठेवली.

"चच्चा, ये बच्ची है, गॅस का सिलिंडर नै. ऐसा नक्को पकडो."

"तो कैसा पकडूं?"

"एक हात गर्दन के नीच्चे. दूसरा पलास्टरां के नीच्चे. पैरां का वजन तुम लेओ. लटकने नक्को देओ, कमर कू खिंचता."

मग त्यानं बाकीचं सांगितलं. प्लास्टर भिजता कामा नये. आंघोळ नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. लंगोट प्लास्टरच्या काठाच्या आतून, घट्ट. झोपवताना पोटऱ्यांखाली टॉवेलाची गुंडाळी, टाच अधांतरी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बोटं. प्लास्टरच्या टोकाशी दहाच्या दहा बोटं दिसली पाहिजेत. दाबलं की पांढरं, सोडलं की गुलाबी. "बोटां अंदर गए बोले तो पलास्टर फिसला. फिर घर में नै बैठना, सीधा इधर आना. मेरा नंबर लिख लेओ."

लाइनमनला एवढं पुरेसं होतं. चाळीस वर्षं त्यांनी दुसरं केलं काय होतं? दर तपासणीला टोकं बघायची. घरी आल्यावर त्यांनी बोटं मोजायला सुरुवात केली, ती दर दोन तासांनी. मोजताना तोंडानं आकडे म्हणायचे, आणि दहा झाले की "लाइन चालू आहे" असं जाहीर करायचे. स्वयंपाकघरातून एका हातानं भाकरी थापायचा प्रयत्न करणाऱ्या पार्वतीबाई म्हणायच्या, "ऐकलं. गल्लीनंही ऐकलं."

पहिला आठवडा हाल झाले. बाळ साडेतीन किलोचं आणि त्यात प्लास्टर असं, की खांद्याशी मूल आणि खाली उखळाची दोन मुसळं. गुडघे काटकोनात दुमडलेले असल्यानं तिला कुशीत नेहमीसारखं घेता येईना, एक पाय नेहमी नागोरावांच्या बरगडीत घुसलेला. तिनं दुसऱ्याच दिवशी लाथ मारून त्यांचा चष्मा उडवला. चौथ्या दिवशी दुधाची वाटी. पाचव्या दिवशी त्यांच्याच खालच्या ओठाला सूज आली, तेव्हा भाजीवालीनं विचारलं, "काय झालं नाना?" "नातीनं हाणलं," ते म्हणाले. ती हसली. तिला ते खरं वाटलं नाही.

दूध पाजायच्या वेळी आणखी एक पंचाईत. रोशनी पलंगावर उशांना टेकून बसायची आणि बाळ तिच्या मांडीवर कुणीतरी नीट ठेवून द्यायला लागायचं. कुणीतरी म्हणजे सासरा. पहिल्या दिवशी दोघंही भिंतीकडे बघत होते, त्यामुळे बाळ उशीवर ठेवलं गेलं. मग नागोरावांनी नियम केला. दारातून हाक द्यायची, बाळ मांडीवर ठेवायचं, प्लास्टरखाली उशी सारायची, वळायचं आणि थेट गॅलरीत. काम संपलं की रोशनी पलंगाच्या दांड्यावर चमचा वाजवायची.

"मामा, तुम्ही हॉटेलातल्या वेटरसारखे येता," ती सासऱ्याला एकदा म्हणाली.

"टिप देत नाहीस तू," नागोराव म्हणाले, आणि बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढायला गॅलरीत गेले.

तिसऱ्या आठवड्यापासून त्यांना एक गंमत कळली. हे लेकरू कुणाचंच ऐकत नव्हतं, पण शिव्या दिल्या की गप्प व्हायचं. अंगाई, टाळ्या, खुळखुळा, सगळं वाया. "काय फौजदारीण, आज कुणाचं डोकं फोडायचंय?" असं त्यांनी खरखरीत आवाजात विचारलं, की ती रडायचं थांबून डोळे मोठे करायची. मग ते तिला टेलिफोन खात्यातल्या साहेबांच्या भानगडी सांगत बसायचे. कोण कुणाच्या घरी फुकट लाइन ओढून देत होता, कोण खांबाखाली झोपायचा. पार्वतीबाईंनी एकदा आतून ओरडून विचारलं, "तान्ह्या लेकराला काय सांगायलात?" "इतिहास," ते म्हणाले.

अशी चार प्लास्टरं झाली. बाळ सव्वा महिन्याचं झालं, आणि भगवंतरावांनी फोन उचलला. नाव ठेवायचा कार्यक्रम आता लांबवता येणार नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. चिक्कडपल्लीचा हॉल रविवारी सकाळी मिळत होता. सव्वाशे माणूस. नावही त्यांनी शोधून ठेवलं होतं: विज्ञानप्रभा.

"चांगलं आहे ना, मामा?" रोशनीनं विचारलं. तिला ईशा ठेवायचं होतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण भगवंतरावांपुढे कुणी बोललं नव्हतं.

"शाळेत हजेरी घेताना बाईंना दम लागेल," नागोराव म्हणाले. तेही पुढं काही बोलले नाहीत. तीन आठवडे अबोला सोसल्यावर मेव्हण्याशी लगेच दुसरा झगडा काढायचा त्यांना कंटाळा आला होता.

झगडा झाला तो शालीवरून, आणि तोही बायकोशी. रविवारी सकाळी पार्वतीबाईंनी कपाटातून जरीकाठी शाल काढली आणि बाळाच्या कमरेपासून खाली गुंडाळायला घेतली.

"हे कशाला? हॉलमध्ये उकडायलंय."

"असू द्या. लोक बघतील."

"बघू द्या की. चोरून आणलंय का?"

"तुम्हाला कळत नाही. पोरीची जात आहे. उद्या कुणी म्हणेल, नरवाड्यांची पोर लंगडी."

नागोरावांनी बायकोच्या हाताकडे बघितलं. मनगटाचं प्लास्टर तिनं आज नवीन पांढऱ्या फडक्याच्या झोळीत अडकवलं होतं. कोथिंबिरीच्या देठाची गोष्ट ती भेटेल त्याला सांगत होती, आणि दर वेळी देठांची जुडी मोठी होत होती.

"तुझं मिरवायचं आणि तिचं झाकायचं, हा कुठला न्याय?"

"माझं पडून झालं."

"तिचं पोटात अडचणीत बसून झालं. घर तुझ्या सुनेचं लहान होतं, त्याला ती काय करणार?"

रोशनी आतल्या खोलीत साडीला पिना लावत होती. तिनं ऐकलं, पण ती बाहेर आली नाही. पार्वतीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून नागोरावांनी माघार घेतली. बायकोचं रडणं त्यांना कधीच नीट हाताळता आलं नव्हतं, त्यासाठी वाजिदभाईसारखा कुणी शिकवणारा भेटला नव्हता. शाल राहिली. बोटं मी मधूनमधून बघणार, एवढी अट मात्र त्यांनी घातली.

हॉल गच्च भरला होता. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढं मेणबत्त्या लावल्या होत्या, पाळणा झेंडूनं मढवला होता, आणि मागे अनिरुद्ध जेवणाचं बघत होता तिथून बगारा बैंगनचा वास येत होता. वंदना झाली. मग भगवंतराव माइकपाशी उभे राहिले, आणि लोकांनी खुर्च्यांत अंग सैल सोडलं, कारण आता तासाभराची निश्चिंती होती.

नागोराव पहिल्या रांगेत बाळाला घेऊन बसले होते. हॉलमध्ये शिरताना मोजली तेव्हा दहा होती. वंदनेआधी दहा. पण तेव्हापासून बाळ कुरकुरत होतं, आणि ती कुरकुर भुकेची नव्हती. भुकेचं रडणं कसं असतं, गॅसचं कसं, आणि निव्वळ हुकूमशाहीचं कसं, हे नागोरावांना आता पाठ होतं. हे चौथं काहीतरी होतं, बारीक आणि न थांबणारं.

"काय फौजदारीण," ते कानात खरखरले. ती थांबली नाही.

"विज्ञान आपल्याला काय सांगतं?" माइकवर भगवंतराव विचारत होते. "विज्ञान सांगतं, निरीक्षण करा. ऐकीव गोष्टींवर जाऊ नका, डोळ्यांनी बघा."

नागोरावांनी शालीचं टोक वर केलं आणि बघितलं. डाव्या पायाची पाच. उजव्या पायाचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट. बाकीची तीन प्लास्टरच्या आत गेली होती, गोगलगाय आत जाते तशी. त्यांनी अंगठा दाबला. तो पांढरा पडला, आणि परत रंग येताना त्यानं फार वेळ लावला. आला तो रंगही गुलाबी नव्हता, जांभळाकडं झुकलेला होता.

खांबावर असताना एकदा त्यांचा पट्टा सुटला होता. पण तेव्हा ते एकटे होते.

ते उठले.

"दाजी, बसा," भगवंतराव माइकवर हात ठेवून म्हणाले. हात नीट बसला नव्हता, त्यामुळे सव्वाशे माणसांनी ते ऐकलं. "पाच मिनिटं."

"तुमचं चालू द्या. लेकराचं प्लास्टर सरकलंय. आम्ही दवाखान्यात जायलो."

"आत्ता? अहो, नाव तरी ठेवून जा."

"आधी बोटं सापडू द्या. नाव काय पळून जात नाही."

शाल पायांत अडकत होती आणि तिच्यामुळं बोटं दिसत नव्हती. नागोरावांनी ती ओढून काढली आणि वाटेत उभ्या असलेल्या पार्वतीबाईंच्या गळ्यातल्या झोळीवर टाकली. मग एक हात मानेखाली, एक प्लास्टरांखाली, असे ते मधल्या वाटेनं निघाले. मांडीपर्यंतची दोन पांढरी प्लास्टरं सगळ्या हॉलनं बघितली. छत काही कोसळलं नाही. शेवटच्या रांगेतली एक म्हातारी फक्त एवढंच म्हणाली, "लै वजन असंल लेकराला," आणि तिनं खुर्ची सरकवून वाट करून दिली.

पायऱ्यांवर रोशनीनं गाठलं. चपला हॉलमध्येच राहिल्या होत्या.

"मामा, मी येते."

"टाके दुखतील."

"दुखू द्या," ती म्हणाली आणि रिक्षात आधी जाऊन बसली.

रिक्षा नारायणगुड्याच्या सिग्नलला अडकली तेव्हा नागोरावांनी वाजिदभाईला फोन लावला. पलीकडं भांड्यांचा आणि माणसांचा केवढा तरी गोंगाट होता.

"कित्ते बोटां दिखरे चच्चा?"

"सीधे पैर के दो. रंग जामुनी होरा."

"हौ. इमर्जन्सी कू जाओ. डाक्टरसाब कू मै बोलता. मै भी आता, शादी के वलीमे में हूं, नजदीकच है."

इमर्जन्सीच्या खिडकीतल्या बाईनं फाइल उघडली. फाइलवर जन्मापासून 'बेबी ऑफ रोशनी' एवढंच लिहिलेलं होतं. "सव्वा महिना झाला," ती हिंदीत म्हणाली, "अजून नाव नाही? चिठ्ठीवर काय लिहू?"

नागोरावांनी सुनेकडं बघितलं. रोशनीच्या कपाळावरचं कुंकू घामानं पसरलं होतं, पाय अनवाणी, पदराला झेंडूची पाकळी चिकटलेली.

"बघू नकोस माझ्याकडं," ते म्हणाले. "तू जन्म दिलाय. भगवंतरावांनी दिला नाही."

"ईशा," रोशनी खिडकीत वाकून म्हणाली. मग स्पेलिंगही सांगितलं.

वाजिदभाई आला तो मोतिया रंगाच्या शेरवानीत, अत्तराचा घमघमाट घेऊन. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांनी डॉक्टर माधवींशी फोनवर बोलून घेतलं होतं. उजवं प्लास्टर ताबडतोब काढायचं, रक्ताचा ओघ नीट होतो ते बघायचं, आणि नवीन उद्या सकाळी आठला त्या स्वतः घालणार. वाजिदनं शेरवानीच्या बाह्या वर केल्या आणि कोमट पाण्याचा टब मागवला. करवत लहान लेकराला घाबरवते, म्हणून तो प्लास्टर भिजवूनच सोडायचा.

नागोराव स्टुलावर बसले, ईशा त्यांच्या मांडीवर, उजवा पाय टबात. वाजिद खाली उकिडवा बसून एक एक वेढा उलगडत होता. पहिली पाच मिनिटं ती किंचाळली. मग कोमट पाणी आत शिरलं असावं, कारण ती एकदम गप्प झाली आणि तिच्या चेहऱ्यावर हमामखान्यातल्या नवाबाची कळा आली. पुढच्या क्षणी तिनं धार सोडली. ती सरळ मोतिया बाहीवर गेली.

वाजिदनं बाहीकडं बघितलं. "वलीमा हो गया समझो," तो शांतपणे म्हणाला, आणि पट्टी उलगडत राहिला.

शेवटचा वेढा सुटला. आत पाऊल होतं, सुरकुतलेलं, पापुद्रे निघालेलं, चिंचेच्या बोटकाएवढं. पाच बोटं जागच्या जागी. डॉक्टरांनी अंगठा दाबला, सोडला, परत दाबला. तिसऱ्या वेळी तो चटकन गुलाबी झाला. "वेळेवर आलात," ते म्हणाले, "घाबरायचं कारण नाही."

नागोराव मात्र रंग बघतच नव्हते. ते आकार बघत होते. जन्मल्या दिवशी बघितलेलं ते आत वळून बसलेलं पाऊल आता बरंचसं समोर बघत होतं. टाच अजून वर ओढलेली होती, पण तळवा जमिनीच्या दिशेनं आला होता. प्लास्टर बदलायच्या वेळी दर मंगळवारी ते मान फिरवून उभे राहायचे, रडणं बघवत नाही म्हणून. त्यामुळं इतक्या आठवड्यांत आत काय घडत होतं, ते त्यांना कधी दिसलंच नव्हतं. त्यांनी तळहात पुढं केला आणि पाऊल त्यावर ठेवून घेतलं. त्याला वजन असं नव्हतंच. सगळं वजन प्लास्टरचं होतं.

"मामा," रोशनी म्हणाली, "सरळ झालाय ना?"

"पाय झालाय. पोरगी नाही व्हायची," ते म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा जास्त खरखरीत निघाला. रोशनीनं बाटलीतलं पाणी त्यांच्यापुढं केलं.

अनिरुद्ध मोटारसायकलवरून पोचला तेव्हा नागोराव उघड्या पायाला मऊ पट्टी गुंडाळत होते. दारातच थांबून तो बघत राहिला. बापाच्या हातांचं हे काम त्यानं कधी बघितलं नव्हतं. सकाळी तो निघायचा तेव्हा ते चहा पीत असायचे आणि संध्याकाळी तो यायचा तेव्हा बाळ त्याच्याच हातात यायचं.

"बाबा, हे तुम्हाला कधीपासून यायला लागलं?"

"तुझ्यावर शिकायला पाहिजे होतं," नागोराव म्हणाले. "राहून गेलं."

अनिरुद्धनं टब उचलला आणि पाणी ओतायला गेला. ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि दवाखान्याचं माणूस होतंच त्यासाठी. पण तो जरा उशिरानं परत आला.

घरी गेले तर पाहुणे आधीच येऊन बसले होते. भगवंतराव दिवाणावर मधोमध होते, आणि त्यांची मुद्रा पडलेल्या उमेदवारासारखी होती. त्यांनी रिकाम्या पाळण्यापुढं विज्ञानप्रभा हे नाव जाहीर केलं होतं. लोकांनी टाळ्याही वाजवल्या होत्या, मग जेवले होते.

नागोरावांनी खिशातून दवाखान्याची चिठ्ठी काढून त्यांच्या हातात दिली. भगवंतरावांनी चष्मा लावून ती वाचली, उलटी करून मागची बाजूही बघितली.

"हे सरकारी झालं का?"

"शिक्का आहे खाली."

शिक्क्यापुढं मुख्याध्यापकाचं काही चालत नाही. भगवंतरावांनी चिठ्ठी घडी करून परत दिली. मग त्यांची नजर पट्टीतून डोकावणाऱ्या पावलावर गेली. ते वाकले, बराच वेळ बघत राहिले. "हाच वाकडा होता? मला फोटो पाठवलेला, तो हाच?"

"हाच."

"चार आठवड्यांत?"

"ग्रहण सुटलं," नागोराव म्हणाले.

भगवंतरावांचे खांदे हलताना बघून सगळ्यांना कळलं, की ते हसतायत. वीस वर्षांत त्यांना असं हसताना त्यांच्या बहिणीनंही बघितलं नव्हतं.

पार्वतीबाई कोपऱ्यात उभ्या होत्या. गर्दी जरा पांगल्यावर त्या जवळ आल्या आणि डाव्या हाताच्या एका बोटानं त्यांनी नातीचा तळवा खालपासून वरपर्यंत चाचपला.

"मी झाकलं नसतं, तर आधीच दिसलं असतं," त्या पुटपुटल्या.

नागोरावांच्या जिभेवर तीनचार वाक्यं तयार होती, एकाहून एक झणझणीत. चाळीस वर्षांत अशी आयती संधी फार वेळा आली नव्हती. त्यांनी ती गिळली. "त्याच्या अर्धा तास आधी मोजली तेव्हा होती," ते म्हणाले. "ह्या फौजदारणीनंच पाय ओढून घेतला. तू काय करणार होतीस? धर, पाय धर जरा, मी शर्ट बदलतो. भिजलोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला नवीन प्लास्टर पडलं. त्या वेळी नागोरावांनी मान फिरवली नाही. डॉक्टर माधवींची बोटं पावलाला कशी हळूहळू बाहेर नेतात, ते त्यांनी शेवटपर्यंत बघितलं आणि दोनतीन सूचनाही केल्या. डॉक्टरांनी त्या ऐकून घेतल्या आणि एकही पाळली नाही. पुढं आणखी दोन प्लास्टरं झाली, टाचेमागचा छेद झाला, तीन आठवड्यांचं शेवटचं प्लास्टर झालं. पार्वतीबाईंचं मनगट केव्हाच मोकळं झालं, रोशनीचे टाके भरले. आता घरात सहा हात होते. तरीही दुपारी बाळ कुणाकडं असायचं, याबद्दल चर्चा होत नसे.

मग बूट आले. दोन चिमुकले बूट, मध्ये लोखंडी दांडी, आणि ते चोवीसपैकी तेवीस तास घालायचे. दांडीमुळं ईशाला एक पाय सुटा हलवता येईना. पहिले दोन दिवस ती वैतागली. तिसऱ्या दिवशी दुपारी तिला शोध लागला, की दोन्ही पाय एकदम वर उचलता येतात, आणि एकदम खाली आपटताही येतात. दिवाण लाकडी होता. आवाज छान यायचा. धाड. थोडी विश्रांती. धाड.

अर्ध्या तासानं दार वाजलं. खालच्या मजल्यावरच्या तेलुगू शेजारीणबाई सुजातागारू होत्या, झोपमोड झालेल्या. त्यांनी हिंदीत अदबीनं विचारलं, की वर रोज दुपारी मसाला कुटायचा बेत आहे का.

"हौ," नागोराव म्हणाले. "तीन महिने दिवसरात्र. त्यानंतर चार वर्षं नुसता रात्रीचा."

सुजातागारूंनी त्यांच्या खांद्यावरून आत बघितलं. दिवाणावर ईशानं दोन्ही पाय छताकडं उचलले होते आणि ती नव्या प्रेक्षकाची वाट बघत होती. सुजातागारू आत आल्या, वाकल्या. पाय खाली आले. त्यांचा पदर दांडीत अडकला.

"आता आलाच आहात तर बसा," नागोराव पदर सोडवत म्हणाले. "हिला धरा दोन मिनिटं. एक हात मानेखाली, दुसरा दांडीखाली. मी चहा ठेवतो. आणि चष्मा काढून ठेवा."